तासभर जुना सूर्य

डॉक्टरीणबाईंनी गोळ्या लिहिल्या त्या दोनच.
मग चिठ्ठी उलटी करून,
मल्याळी वळणाच्या हिंदीत म्हणाल्या,
पडदा उघडा. रोज. उठल्या उठल्या.
मी म्हटलं, एवढंच?
त्या म्हणाल्या, आधी एवढं तर करा.

सोहारमधल्या आमच्या खोलीचा पडदा म्हणजे
जुनी चादर, चार खिळ्यांवर ठोकलेली.
खोलीत तिघे, तिघांच्या पाळ्या तीन,
कुणाची ना कुणाची रात्र सुरूच.
एक खिळा उपटायला मला नऊ दिवस लागले.
स्टोअरमध्ये दिवसाला चारशे नट-बोल्ट मोजतो मी,
हातांना काही झालेलं नाही.
तरी नऊ दिवस.

एकच कोपरा दुमडला,
उजेडाची चतकोर भाकरी
माझ्याच उशीवर पडेल इतपत.

मग पाणी.
एसी रात्रभर खिडकीबाहेर ठिबकतो,
त्याखाली रंगाचा रिकामा डबा लावला.
सकाळी अर्धा भरतो.
तिघांचा घाम, तिघांचे श्वास,
न बोललेलंही बरंच काही
गार होऊन उतरत असणार त्यात.
त्यावर ओवा वाढवलाय.
गेल्या उन्हाळ्यात दोनदा मेला, असं वाटलं.
आता पानं जाड, लवदार.
एखादं चुरगळून नाकाशी धरलं
की पोट दुखत नसतानाही बरं वाटतं.

आणि चालणं.
फजरच्या बांगेनंतर, ऊन पेटायच्या आत,
समुद्राच्या कडेनं मासळीबाजारापर्यंत.
पहिल्या दिवशी दिव्याच्या चौथ्या खांबावरून परतलो.
पाहत काहीच नव्हतो, पावलं मोजत होतो.
आता दिसतं थोडंफार.
एक ओमानी म्हातारा मांजरांना
तारल्यांची डोकी वाटतो,
आणि कुणी दोनदा घेतलं ते लक्षात ठेवतो.
खलास, म्हणतो त्या मांजरीला, खलास.
ती ऐकत नाही.
तो तिसरंही देतो.

तेवढ्यात समुद्रातून सूर्य वर येतो.
संगमेश्वराला तो तासभर जुना झालेला असतो.
शालननं त्यात पापडाची चादर पसरलेली,
धाकटीनं वेणी घालून घेताना
त्याच्याकडे बघून डोळे बारीक केलेले.
घरच्यांनी वापरून झालेला सूर्य.
एवढी वर्षं मी इथून नवं नवं पाठवलं,
अत्तरं, ब्लँकेटं, दुधाच्या पावडरीचे डबे.
तिकडून जुनं येतं ते एवढंच.
मला चालतं.

सगळ्यात अवघड होतं ते बाईंनी सांगितलंच नव्हतं.
फोनवर 'मजेत' म्हणायचं नाही.
एकोणीस वर्षं मी मजेत होतो.
आई गेली, रजा मिळाली नाही,
तेव्हाही मजेतच होतो.
एका शुक्रवारी शालननं विचारलं, कसे आहात?
म्हटलं, झोप येत नाही गं.
कुणीतरी छातीवर सिमेंटची गोणी ठेवून
न्यायला विसरल्यासारखं वाटतं.
पलीकडे कुकरची शिट्टी. मग आणखी एक.
थांबा, ती म्हणाली, गॅस बंद करून येते.
आणि खरंच बंद करून आली.

गोणी अजून आहे.
कधी भरलेली, कधी अर्धी.
काही सकाळी कोपरा दुमडायचाही राहून जातो,
तेव्हा मी खिळ्याला शिव्या देतो, स्वतःला नाही.
ही सवय नवी आहे, नीट बसलेली नाही.

काल दस्तगीर रात्रपाळीवरून आला,
बूट न काढता रोपाशी बसला.
एक पान तोडलं, चावत राहिला.
घरून काय आलं, मी विचारलं नाही.
म्हटलं, उद्या सुट्टी ना तुझी,
चौथ्या खांबापर्यंत येतोस?
बराच वेळ चावून म्हणाला,
तिसऱ्यापर्यंत.