धावचीत

संघटनेच्या कचेरीत मी स्कोअरर, एकतीस वर्षं.
ढमढेरे साहेब अध्यक्ष, त्यातली एकोणीस.
स्वारगेटच्या चौकात त्यांचे फलक लागत,
जोडलेले हात, मनगटात जाड घड्याळ;
मैदानावर मात्र गाडीतून उतरले की
आधी चप्पल काढून गवतावर पाय ठेवत.
हे कुणा पत्रकाराला दिसलं नाही.

पासांसाठी तेव्हा आमदार ताटकळत.
एकदा एका मंत्र्याच्या मेव्हण्याला
साहेबांनी पूर्वेकडचं उन्हातलं स्टँड दिलं
आणि दोन मतं घालवली.
पुढच्या वर्षी तीच मतं
शिरूरचा एक पोरगा संघात घेऊन परत आणली.
पोरगा बरा होता. बरा म्हणजे, बराच.
मी वहीत टिंबं मांडत होतो, मला काय.

दोनदा अविश्वास आला त्यांच्यावर.
दोन्ही वेळा मतमोजणी चालू असताना
ते माझ्या खोलीत, चहा बशीत ओतून:
"सबनीस, मोजणारा कोण आहे
एवढंच बघायचं असतं."
हसले. मीही हसलो.

विधानसभा हरले त्या उन्हाळ्यात
एकटेच आले. रिक्षानं.
"एकसष्टची वही आहे का रे?"
होती. पानशेतच्या पाण्यात भिजलेली,
कडा चहाच्या रंगाच्या, पानं एकमेकांना धरून बसलेली.
मी पट्टीनं एकेक सोडवलं.
जानेवारी. कॉलेजांचा सामना. सातव्या नंबरावर
रं. ढमढेरे, धावचीत, शून्य.
एकही चेंडू न खेळता.

"बॅट आत होती माझी," साहेब म्हणाले.
"रुईकर अंपायर. उन्हाकडे तोंड करून उभा."
बोटानं शून्य चाचपलं.
"पेन्सिलीनं लिहिलंय."
"हो साहेब. तेव्हा पेन्सिलच असायची."
टेबलावर माझं खोडरबर होतं.
दोघांनाही दिसत होतं.

बाहेर रोलर थांबला.
माळी कुणाकडे तरी तंबाखू मागत होता.

साहेबांनी खिशातलं पेन काढलं,
सह्यांचं, जाड निबाचं,
आणि त्या शून्यावरून, कडेकडेनं,
हात न थरथरू देता शाई फिरवली.
जुना कागद; शाई फुटली,
शून्य जरा मोठंच झालं.

टोपण लावून उठले.
"चल. रिक्षा थांबवून ठेवलीय,
मीटर पळतंय."