उपकरण सापडले नाही

तार्तूत, तिसऱ्या मजल्यावर, रात्रपाळीला
माझ्या वाट्याला तीनशे बारा हृदयं येतात.
चेहरे नसतात. क्रमांक, जन्मसाल,
आणि एक रेघ. ती चालत राहिली
की मला कॉफी प्यायला उठता येतं.

४४१७ म्हणजे लेम्बित, किह्नू बेटावरचा,
वय एकोणऐंशी.
छातीत कातड्याखाली आगपेटीपेक्षा लहान यंत्र,
उशाशी हिरव्या दिव्याचा पांढरा डबा.
रात्री दोनला डबा यंत्राला विचारतो,
दिवस कसा गेला?
यंत्र सगळं सांगून टाकतं
लेम्बितला न उठवता.
(सही त्याचीच होती, चौदाव्या पानावर.)

चार वर्षं मी ते वाचत आले.
पहाटे पाचला उठणारा. जेवून आडवा होणारा.
एका फेब्रुवारीत ओळीनं तीन रात्री डोळ्याला डोळा नाही.
मी खूण केली, डॉक्टरांनी गोळी बदलली,
काय झालं होतं ते कुणी विचारलं नाही.

आणि दर शनिवारी, संध्याकाळी साडेसहाला,
ठोके साठावरून एकशे चारवर.
सातनंतर उतरायचे,
चुलीवरून काढलेलं भांडं निवतं तसे, सावकाश.
मी ठरवून टाकलं : सौना.
शनिवार आहे, लाकडं फोडत असेल, पाणी ओढत असेल.
अहवालात लिहिलं, 'शारीरिक श्रम, अपेक्षित.'
पुढे ते वाक्य आपोआप उतरत गेलं
आठवड्यामागून आठवडा.

मार्चमधला मंगळवार.
सिनेमात रेघ सपाट होते, शिट्टी वाजते.
आमच्याकडे तसं नसतं.
यंत्र हाका मारतच राहतं, इमानेइतबारे, मिनिटाला साठ.
स्नायू ओ देत नाही, एवढंच.

मग त्याला चर्चमागे पुरलं, यंत्रासकट,
आणि डबा राहिला उशाशी.
रोज रात्री दोनला माझ्या पडद्यावर :
उपकरण सापडले नाही. पुन्हा शोधत आहे.
उपकरण सापडले नाही.
पुन्हा.

नियम सात दिवसांचा. मी फोन केला दहाव्या दिवशी.
डबा परत पाठवा, एवढंच सांगायचं होतं.
साल्मे म्हणाली, तुम्ही बघत होतात ना?
त्याला त्रास झाला का?
मी म्हटलं, नाही.
एकोणीस सेकंद माझ्यासमोर उघडे होते.
मी पान खाली सरकवलं.

मग काहीतरी बोलायचं म्हणून सौनाचं काढलं,
शनिवारी किती दमायचा तो, वगैरे.
ती चक्क हसली.
अगं, आमची सौना बुधवारी.
शनिवारी तो सायकल काढून धक्क्यावर जायचा,
साडेसहाच्या बोटीला.
कोण यायचं?
बोट यायची, ती म्हणाली.
आणि पलीकडे तिनं नळ सोडला.

त्या रात्री मी दुरुस्ती करायला बसले.
'शारीरिक श्रम' खोडून काय लिहायचं
ते मला सुचलं नव्हतंच,
पण पडद्यानं तो प्रश्न ठेवला नाही :
मृत रुग्णाच्या नोंदीत बदल करता येत नाही.

डबा आला एप्रिलच्या शेवटी.
धुरी दिलेल्या माशाचा वास, कोपऱ्यात मांजराचे केस,
आणि वायर गुंडाळून बांधलेली लोकरीच्या दोऱ्यानं.
काळानिळा दोरा, त्यात एकच लाल पदर.
त्या बेटावर बायकांचे घागरे सुतकात काळवंडतात
आणि दिवस सरतात तशी लाल रेघ परत येते,
असं ऐकलंय. नक्की माहीत नाही.
नक्की माहीत असल्यासारखं लिहिणं
मी सध्या कमी केलंय.

डबा पुसला. स्मृती कोरी केली.
सोमवारी तो वाल्गाला जाईल, ५०९३कडे.
पोचपावतीत रकाने तीन :
डबा, वायर, पुस्तिका.
दोऱ्यासाठी रकाना नाही.
तो माझ्या खणात आहे, स्टेपलरच्या पिनांजवळ.

आज शनिवार. सहा वाजून अठ्ठावीस मिनिटं.
दिवसपाळीची मुलगी विचारते,
तू इतक्या लवकर कशी?