जागा

तीस वर्षं मी हे चिन्ह समासात काढत आले,
दोन उभ्या रेघा, दोन आडव्या,
शनिवार पेठेत, छापखान्याच्या माळ्यावर, लाल रिफिलनं.
अर्थ एकच: इथे शब्द चिकटलेत,
मध्ये जागा सोडा.

म्हणून नसीम तांबोळीनं मोबाईल पुढे केला
आणि त्याच रेघांमागे दिसलं
#आमचीशेवटचीबस
तेव्हा माझा हात आधी पर्सकडे गेला, पेनासाठी.
"जागा सोडली तर तुटतं ते, मॅडम," ती म्हणाली,
"मग नुसतं 'आमची' उरतं."

सव्वादहाची केशवनगर सोमवारपासून बंद.
थांब्यावर कागद: प्रवासी संख्या अल्प असल्याने.
अल्प म्हणजे नसीम, रास्ता पेठेतल्या दवाखान्यात आया.
अल्प म्हणजे सुलक्षणा ओव्हाळ, मॉलचे जिने पुसणारी.
खाणावळीत पोळ्या लाटणाऱ्या दोघी, ज्यांची नावं
तोवर मी विचारली नव्हती.
आणि मी.
रिक्षावाला अडीचशे म्हणायचा.
सुलक्षणाचा दिवस तीनशे ऐंशीचा.

पहिल्या रात्री एकच फोटो: रिकामा रस्ता, पाच पिशव्या.
लाइक सात. आठवा माझा,
दोनदा दाबला गेल्यानं परत गेलेला.
दुसऱ्या रात्री कात्रजहून कुणी लिहिलं, आमचीही.
मग भोसरीची एक पोरगी, वाघोलीचा वॉचमन,
आमचीही, आमचीही,
आणि सदाशिव पेठेतून एक गृहस्थ:
'शेवटची बस' हे जोडून लिहिणं अशुद्ध आहे.
त्यांना मी उत्तर दिलं,
आयुष्यात पहिल्यांदा अशुद्धाच्या बाजूनं.

पण खरं सांगते, फोनमधल्या हजारांनी
बस आणली नाही.
त्या हजारांतले चाळीस जण गुरुवारी सव्वादहाला
थांब्यावर येऊन नुसते उभे राहिले.
हातात पास. घोषणा नाही.
शुक्रवारी नव्वद.
फुटपाथ तो केवढा, खांद्याला खांदा,
दोघांत बोटभर फट नाही,
आणि पुढे, रस्त्याच्या कडेला,
नव्या रंगवलेल्या रेलिंगच्या दोन उभ्या, दोन आडव्या.
मी वाचत राहिले. एकही दुरुस्ती सुचली नाही.

शनिवारी साहेब आले, माणसं मोजून गेले.
अल्प हा शब्द वापरला नाही त्यांनी.

बस आलीय. एक महिना, प्रायोगिक तत्त्वावर.
एक हेडलाइट बंद.
महिन्यानंतरचं कंडक्टर दुधाण्यांनाही ठाऊक नाही.
नसीमनं मोबाईल मुठीत धरलाय, नऊ टक्के उरलेला,
सोडत नाही.

माझ्या पिशवीत उद्याची प्रुफं.
त्यांत मी ते चिन्ह काढणारच आहे, पोटासाठी, भाषेसाठी.
सुलक्षणा पेंगतेय: "आलं की हाक मारा हं."
जागीच आहे मी, म्हटलं.
पुढच्या थांब्यावर पोळ्यांवाल्या केराबाई चढतात, मागून सून,
हाताला अजून पिठाचा वास.
"जागा आहे का?"

आम्ही तिघी सरकतो.
दोघींच्या बाकावर
आता पाच जणी, जोडून.