कारण

सोहारच्या दवाखान्यात रात्रपाळीला
माझ्याकडे एकच रकाना : कारण.

खिमलाल, वय तेवीस. मूत्रपिंडं गेली.
यादीत ऊन नाही.
पेनाने कडेला लिहिलं, मग खोडलं.

डिलिव्हरीवाला, एकोणीस, मांडीचं हाड.
पिशवीतला भात अजून कोमट होता.

तीन वाजता दापोलीचा मुदस्सर परकार आला
स्वतःच्या पायांनी.
ताप नाही, जखम नाही.
म्हणाला, झोप येत नाही,
आणि चौथ्या मजल्याची गॅलरी
हल्ली नावाने हाक मारते.

मी पेन खाली ठेवलं.
विचारलं, इथली सुरमई कशी लागते रे?
म्हणाला, ताजी असते. पण कोकम कुठंय?

कोकमावर पहाट काढली आम्ही.
डॉक्टरीणबाई येईपर्यंत
उठू दिलं नाही त्याला.