पोटखराबा

समडोळी रस्त्याला, ऊस तुटून गेल्यावर,
फेब्रुवारीत आम्ही तिथं टेप ओढला.
चार एकर, वर काही गुंठे,
आणि मधोमध ही ओल,
जिला सातबारा पोटखराबा म्हणतो.

किती वर्षं हा शब्द मी
नकाशाच्या कोपऱ्यात न थांबता लिहीत आलेय.
त्या दिवशी कानाला लागला.
कुणाचं पोट, आणि खराब ते कशानं?
पाणकणीस माझ्या डोक्याहून उंच होतं.

रायगोंडा चौगुले चपला हातात घेऊन काठावर उभे.
"दोनशे डंपर मुरूम, मॅडम. मग बघा कसं सपाट हुतंय.
चोवीस प्लॉट बसत्यात. मी मोजल्यात."
खरंच मोजले होते, डायरीच्या मागच्या पानावर,
दुधाच्या हिशोबाखाली.

मी काही बोलले नाही.
माझी फी प्लॉटमागे ठरलेली होती.

बोलला तो कासम नदाफ,
एकवीस वर्षं माझ्या टेपचं दुसरं टोक धरणारा.
"म्हापुराच्या साली नदी अजून पात्रात हुती,
तवाच हितं पाणी आलंतं. वरनं न्हाई. खालनं.
ढेकळाच्या आतनं.
ह्ये बुजवलं म्हणून ते उठायचं थांबत न्हाई, मालक.
कुणाच्या तरी हॉलमधनं उठंल."

चौगुले हसले.
मग हसायचे थांबले.

रात्री मी लेआउट पुन्हा मांडला.
आधी रस्ता उचलला. सरळ होता, देखणा होता,
ओलीच्या छातीवरून गेलेला.
त्याला पूर्वेच्या उंचवट्यावर वळवलं,
बांध धरून, जुनी गाडीवाट जात होती तसा.
पाण्याला लागून लव्हाळ्याचा पट्टा सोडला,
मग गवताचा, मग कुठं पहिली कुंपणाची रेघ.
ओपन स्पेस आम्ही नेहमी ढकलतो
उरलेल्या, तिकोनी, कुणाला नको त्या तुकड्यात.
या खेपेला तिला आधी बसवलं,
आणि घरं नंतर, खेटून खेटून,
पंगतीला उशिरा आलेल्या पाव्हण्यांसारखी.
गटारांची तोंडं फिरवली.
ओढ्याचं पाणी जिथनं येतं तिथं एक नळा होता, तीन केले,
बेडकाला पलीकडं जाता येईल इतके रुंद.

चोवीसांचे एकोणीस झाले.
खोडरबराचा चुरा फुंकला
तेव्हा त्यात माझेही पैसे उडाले.

सगळं जमलं असं नाही.
सातव्या प्लॉटचा नैर्ऋत्य कोपरा अजून
ओलीत पाय सोडून बसलाय.
तो धाकट्या जावयाला शब्द दिलेला.
तीन बैठका झाल्या, चहा झाले, एकदा आवाजही चढला.
कोपरा तिथंच आहे.
मी तेवढी रेघ शाईनं काढलेली नाही.

एप्रिलात खुंट्या मारायला गेलो
तर बाराव्या प्लॉटवर, उघड्या मातीत,
टिटवीची चार अंडी, टोकं आत वळवून.
वर ती स्वतः, आमच्या नावानं बोंबलत.
कासम वाकून बघत म्हणाला,
"उंचावर घातल्यात. औंदा पाऊस दांडगा."
चौगुलेंनी आपणहून खुंटी दोन हात सरकवली.
"म्हैन्याभराचा तर प्रश्न हाय,"
जणू घाई मलाच होती.

आता रस्त्याच्या तोंडाशी बोर्ड लागलाय:
तळ्याकाठची घरं.
पाण्याकडं तोंड असलेल्या प्लॉटला
गुंठ्यामागं वीस हजार जादा.

तळं म्हणे!
कासम बोर्ड वाचून इतका हसला
की टेप त्याच्या हातातनं सुटला
आणि गवतातनं सळसळत
सगळाच्या सगळा माझ्याकडं परत आला.