सारसोळे जेट्टी, गुरुवार

पामबीच रोडवरून आत वळलं की
गाड्यांच्या काचा वर जातात.
रिक्षाला काच नसते, आणि मी तुर्भ्याच्या मार्केटातून
हिशेब मिटवून येते, केसांत कांदा घेऊन,
मी कुणाच्या वासाला काय नाव ठेवणार.
चिखल, डिझेल,
आणि तव्यावर लोण्यात उताणा पडलेला बन.

रोहिदासच्या गाडीला नाव नाही.
मोडलेल्या होडीची एक फळी आडवी टांगलीये,
तिच्यावर होडीचा नंबर तसाच आहे
आणि त्याखाली खडूनं:
बटाटा साठ. कोलंबी एकशेवीस. चीजचे वीस वेगळे.
प्लेट नाही, कागद.
केचपची बाटली शीर्षासनात.
खुर्च्या पाच, त्यातली एक
पेव्हर ब्लॉकवर तोललेली;
नेहमीचे तिच्या वाटेला जात नाहीत,
नवा बसतो आणि खाडीकडे कलतो.

गुरुवारी अर्धं नेरूळ शाकाहारी असतं,
म्हणून मला जागा मिळते.

एकदा विचारलं, कोलंबी हिच्यातलीच ना?
त्यानं उलथन्यानं पाण्याकडे दाखवलं.
‘हिच्या कोलंबीला रॉकेल येतं, ताई.
ही ससूनची. पहाटे टेम्पोनं.’
म्हणजे बर्फात झोपून, पुलावरून,
बेलापूरला जाणाऱ्या माणसांसोबत सिग्नलला थांबून
येते ती इथं, पाण्याच्या काठी.
मी पुढे काही विचारलं नाही.
बन गरम होता.

त्याची आत्या, चांगुणाबाई,
अजूनही ओहोटीला उतरते.
एक गुडघा फळीवर, दुसरा पाय चिखलात,
ढकलत ढकलत पार खारफुटीच्या टोकापर्यंत.
निवट्या आणते चार-दोन. विकत नाही.
लोक तिच्यामागच्या फ्लेमिंगोंचे फोटो काढतात
आणि तिला म्हणतात, मावशी, जरा बाजूला.

पौषातला गुरुवार. सात वाजून गेलेले.
ती पायऱ्या चढून आली, कासोटा कमरेपर्यंत काळा,
खांद्यावर युरियाची गोण,
आणि गोणीतून शेपूट बाहेर.
रोहिदासनं हात पुसले, दोनदा.
कल्ला उघडून बघितला: लाल.
वास घेतला. परत घेतला.
मग काहीच बोलला नाही, नुसता तिच्याकडे बघत राहिला,
जसं कुणी परदेशातून न कळवता दारात उभं राहावं.

गाडीतून उतरलेला एक जण म्हणाला,
वा, जिताडा! काटा काढून बर्गर कर ना,
पाचशे देतो.
आत्या खाली बसली होती, पाय धूत.
मान वर न करता म्हणाली,
‘हा बनान नाय घालाचा.’

तवा उतरला.
गाडीखालून एक टोप निघाला, मी कधी न पाहिलेला,
बुडाशी काळा, काठाला चेपलेला.
लसूण ठेचला. चिंच कोळली.
मसाला आत्याच्या घरून आला, तिच्या नातवाच्या सायकलवर,
हँडलला लटकलेल्या पिशवीत.
तासभर एकही ऑर्डर घेतली नाही
आणि एकही माणूस गेला नाही.

डोकं आत्याला.
बाकीच्यांना एकेक तुकडा, कागदावर रस्सा राहीना
म्हणून चहाच्या ग्लासांत.
बन फाडून बुडवायचा.
खाण्याच्या पेट्या पोचवणारा एक पोरगा होता, धीरज,
गुरुवार पाळणारा;
त्यानं तुकडा परत दिला, रस्सा ठेवून घेतला.
म्हणाला, रश्शाला वार नसतो.

पलीकडे ट्रॉम्बेच्या बाजूला दिवे लागले होते.
पाणी वर येत होतं, आवाज न करता,
पिशव्या, थर्मोकोल, झेंडूची माळ पुढे ढकलत.
काटे काढायला सगळे गप्प.
तो पाचशेवाला उभ्यानंच खात होता,
शर्टावर एक लाल थेंब,
मग जागा शोधू लागला,
बसला,
आणि हळूच खाडीकडे कलला.

आम्ही कुणीच
त्याला काही सांगितलं नाही.