एक वीत, चार बोटं

चार नंबरची बस मी चालवतो, एकोणीस वर्षं झाली.
झेस्ताफोनीच्या कारखान्यापासून कबरस्तानापर्यंत.
हसू नका, मार्गच तसा आहे.

मधे एक थांबा लागतो, जुन्या राजवटीतला,
काँक्रीटचा, शिंपल्यासारखा वाकलेला.
त्याच्या पाठभिंतीवर रंगीत चकत्यांचं एक हरीण होतं.
आधी शिंगं गळली, मग डोकं, मग पोट.
उरले चार पाय,
कुणाचीच वाट न बघणारे.

मार्चमध्ये तिथं माणसं आली.
बंद पडलेल्या बालवाडीत जमतात ती,
ज्यांना गाव 'बिचारी' म्हणतं आणि पाय उचलतं.
बादल्या भरून आणल्या होत्या त्यांनी:
फुटक्या बशा, बोर्जोमीच्या बाटल्यांच्या हिरव्या काचा,
मेलेल्या फोनची बटणं,
कुणाच्यातरी लग्नातल्या ताटाची सोनेरी कड.

नुगझार भट्टीवर होता, डोळे तिथंच गेले त्याचे.
तो बोटांनी निवडतो.
"ही स्वस्तातली. ही जपलेली.
हिच्यावर कुणीतरी रागानं सुरी चालवलीय."
गोचा मोजतो. सत्तेचाळीसच्या पुढचा आकडा त्याला पटत नाही,
म्हणून प्रत्येक रांग सत्तेचाळीस तुकड्यांची.
वाद घातलात तर थापी उचलून घरी जातो,
मग काम तीन दिवस बंद.
माक्वाला चाकाच्या खुर्चीतून हुकूम सोडते.
हात थरथरतो, तरी हरणाचे डोळे तिनंच बसवले.
एक जरा वर गेला.
"राहू दे," म्हणाली, "बस येतेय का बघतंय."

मी रोज नऊ-दहाच्या फेरीला थांबायचो.
दार उघडायचं, फुस्स.
चढायचं कुणी नाही.
दार मिटायचं.
मला वाटायचं, कामात आहेत.

मे महिन्यात माक्वालानं विचारलं,
"तुझी पायरी किती उंच रे, ड्रायव्हर?"
मी कधी मोजली नव्हती.
माझ्यासाठी ती पायरी नव्हतीच,
नुसता पाय होता.

नुगझार पुढं आला. चाचपडत नाही, सरळ,
इंजिनाच्या आवाजाच्या रोखानं.
पायरीच्या कडेवर तळवा ठेवला, जमिनीपर्यंत उतरवत नेला.
"एक वीत, चार बोटं."
गोचानं ते दोनदा म्हणून घेतलं.
बसमधल्या बायका घड्याळं बघत होत्या.

दुसऱ्या दिवशी हरणाच्या खुरांखालून
एक लाल रेघ निघाली होती,
डावीकडून उजवीकडे, सत्तेचाळीस तुकड्यांची,
जमिनीपासून एक वीत, चार बोटं.
खाली नाव नाही. घोषणा नाही.

आता नवखे उतारू विचारतात,
"पूर आला होता का हो? क्विरिलाचं पाणी इथवर चढलं होतं?"
मी गिअर टाकतो.

डेपोच्या साहेबांना म्हटलं, उतरतं फळकूट तरी बसवा.
म्हणाले, अर्ज दे, उंची सेंटीमीटरमध्ये लिही.
मी वीतच लिहिली.
ऑगस्ट संपला, उत्तर नाही.

काल हरीण पुरं झालं.
भिंत अपुरी पडली म्हणून शिंगं छतावर चढलीत,
एका शिंगावर आत्ताच एक कावळा बसतो.
मी इंजिन बंद केलं, खाली उतरलो,
इतक्या वर्षांत पहिल्यांदा त्या थांब्यावर.
आतून तो बाहेरच्यापेक्षा मोठा आहे.
माक्वालाला म्हटलं, चौघं मिळून उचलू खुर्चीसकट.
ती म्हणाली, "मी कपाट आहे का?"
यावर मला काही सुचलं नाही.

निघताना गोचानं हातात एक हिरवा तुकडा कोंबला.
"अठ्ठेचाळिसावा," म्हणाला. "तुझ्याकडे ठेव."
तो काचेपाशी ठेवलाय.
वळणावर सरकतो, खडखडतो,
रिकाम्या फेरीत जास्तच.